साहेब कुठल्या शाळेत शिकले, यापेक्षा साहेबांच्या शाळा किती?

जून-जुलै आला की वस्त्यावस्त्यांत दहावी-बारावीच्या मुलांचे गुणगौरव सोहळे सुरू होतात. बुद्धविहारासमोर मांडव पडतो, फुले-शाहू-आंबेडकरांच्या प्रतिमांना हार घातले जातात आणि प्रमुख पाहुणे म्हणून एखादे आमदार किंवा माजी मंत्री येतात. भाषण ठरलेले असते. "मी झेडपीच्या शाळेत शिकलो. पायात चप्पल नव्हती, कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला. जिद्द असेल तर शाळा कुठली याने काही फरक पडत नाही." टाळ्या पडतात. मुलांना एक ट्रॉफी आणि एक कंपासपेटी मिळते. साहेब गाडीत बसतात आणि गाडी गावाबाहेरच्या रस्त्याने निघते. त्याच रस्त्यावर त्यांच्या संस्थेचे इंग्रजी माध्यमाचे स्कूल, डी.फार्मसी आणि पॉलिटेक्निक उभे आहे.

आम्ही असे सोहळे पुष्कळ पाहिले आहेत. खरे सांगायचे तर काही आम्हीच भरवले आहेत. त्यामुळे हा लेख लिहिताना बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

अशाच एका सोहळ्यात, २०२४ साली, धुणीभांडी करणारी एक ताई हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन व्यासपीठाच्या पायरीशी उभी होती. पिशवीत मुलीचा जन्मदाखला, जातीचा दाखला, भाडेकरार असे सगळे कागद होते. तिला साहेबांना एकच विचारायचे होते, आरटीईच्या पंचवीस टक्क्यांतला प्रवेश यंदा मिळणार की नाही? साहेब म्हणाले, "ऑफिसला या, बघू." ती ऑफिसला गेली की नाही, माहीत नाही. पण तिच्या प्रश्नाने आमच्या बैठकीत जो वाद पेटला तो आजही विझलेला नाही. म्हणून हा लेख.

त्या वर्षी नेमके काय झाले?

थोडी उजळणी करू, कारण आपल्याकडे विसरण्याचा वेग मोठा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनीही प्रवेशाच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आणि त्या मुलांचा खर्च सरकारने भरायचा आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने अधिसूचना काढून नियम बदलले. खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून मोकळीक देण्यात आली. शहरात एक किलोमीटरमध्ये महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही, असा भाग सापडणे कठीण. म्हणजे कायदा कागदावर राहिला आणि बहुतेक मोठ्या शाळा त्यातून बाहेर पडल्या.

पालक अर्ज भरायला बसले, तेव्हा पर्याय म्हणून समोर आल्या त्या सरकारी आणि अनुदानित शाळा. ज्या शाळेत नुसते चालत गेले तरी प्रवेश मिळतो, त्या शाळेसाठी ऑनलाइन अर्ज! थट्टा म्हणावी तर यापेक्षा मोठी कुठली?

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात स्थगिती मिळाली. १९ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. हक्क वाचला, पण शाळा जूनमध्ये सुरू झाल्या होत्या. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांची मुले वर्गात बसली होती. आमच्या ताईची मुलगी घरी बसली होती.

आता आमच्या बैठकीतला प्रश्न असा होता. ही अधिसूचना ज्या व्यवस्थेने काढली, तीत झेडपीच्या आणि महापालिकेच्या शाळांत शिकलेले किती जण असतील? आणि असतील, तर त्यांचे शिक्षण त्यांना आठवले कसे नाही?

तीन मते, तिन्ही अपुरी

बैठकीत तीन मते पडली.

पहिले मत तरुणांचे. जो नेता स्वतः सरकारी शाळेत शिकला, त्याने खासगी शिक्षणाची बाजू घेणे ही गद्दारी आहे. शिडीने वर चढायचे आणि शिडी ओढून घ्यायची, ही मनुवादी वृत्ती आहे.

दुसरे मत. जे कॉन्व्हेंटमध्ये, महागड्या बोर्डिंगमध्ये शिकले, त्यांना गळक्या छपराच्या शाळेचे दुःख कळणारच नाही. त्यांनी शिक्षणावर धोरण ठरवूच नये.

तिसरे मत एका प्राध्यापक मित्राचे. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या आमच्या सगळ्यांची मुले इंग्रजी शाळेत आहेत. मग आपण नेत्यांना कुठल्या तोंडाने विचारायचे?" यावर बैठकीत शांतता पसरली.

आमचे म्हणणे असे आहे की या तिन्ही मतांत थोडे थोडे सत्य आहे, पण तिन्ही मोजमापे चुकीची आहेत. माणूस कुठे शिकला यावरून तो कुठे उभा राहील, हे ठरत नाही. इतिहास आपल्याला हेच सांगतो.

इतिहासाची साक्ष

राजर्षी शाहू महाराज कुठे शिकले? राजकोटच्या राजकुमार कॉलेजात. संस्थानिकांच्या मुलांसाठी इंग्रजांनी काढलेली शाळा ती. पुढचे शिक्षण धारवाडला, इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली. म्हणजे आमच्या दुसऱ्या मताप्रमाणे शाहू महाराजांना गरिबाच्या शाळेचे काही कळायलाच नको होते. पण १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले ते याच राजाने. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला तोही यांनीच. आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला तोही यांनीच. "तुमच्यासाठी वेगळी शाळा आहे ना, मग इकडे कशाला येता?" या प्रश्नाला शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी उत्तर दिले होते. २०२४ ची एक किलोमीटरची अट त्याच प्रश्नाची नवी आवृत्ती आहे. "तुमच्यासाठी तिकडे महापालिकेची शाळा आहे ना?"

सयाजीराव गायकवाड यांची गोष्ट उलटी. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा, १८७५ साली दत्तक गेला तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये संपूर्ण बडोदा संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. त्याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले.

एक राजवाड्यातल्या शाळेत शिकलेला, एक बारा वर्षांपर्यंत निरक्षर. दोघे एकाच ठिकाणी पोहोचले.

महात्मा फुले शिकले स्कॉटिश मिशनच्या शाळेत. ती सरकारी शाळा नव्हती. पण १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी मिशनऱ्यांवर किंवा दानशूरांवर भिस्त ठेवली नाही. शेतकऱ्याच्या करातून सरकारची तिजोरी भरते आणि तो पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा हिशेब त्यांनी सरकारपुढे मांडला. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. स्वतःला जे मिशनच्या दयेने मिळाले, ते सर्वांना हक्क म्हणून मिळावे, हा विचार त्यामागे होता.

महाराष्ट्राबाहेर पाहू. मद्रासमध्ये राजगोपालाचारी उच्चशिक्षित, वकील, लेखक. १९५३ साली त्यांच्या सरकारने योजना आणली की प्राथमिक शाळेतल्या मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकावे आणि उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकावा. म्हणजे चांभाराच्या मुलाने चामडे कमवावे आणि न्हाव्याच्या मुलाने वस्तरा धरावा. पेरियार आणि द्रविड चळवळीने रान उठवले. १९५४ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या कामराज यांनी ती योजना मोडीत काढली, गावोगाव शाळा काढल्या, १९५६ पासून मुलांना शाळेत जेवण दिले. कामराज स्वतः लहानपणीच शाळा सोडलेले.

आता कुणी म्हणेल, बघा, कमी शिकलेले नेतेच गरिबांचे. तसेही नाही. महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे दार उघडले ते वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना. वसंतदादा स्वातंत्र्यसैनिक, शालेय शिक्षण फारसे न झालेले. आपली मुले कर्नाटकात जाऊन कॅपिटेशन फी भरतात, मग इथेच महाविद्यालये का नकोत, हा त्यांचा युक्तिवाद. त्यात ग्रामीण मुलाची कळकळ होती हे आम्ही नाकारत नाही. खेड्यापाड्यातली पुष्कळ मुले त्यामुळे इंजिनिअर झाली हेही खरे. पण दार उघडताच आत कोण शिरले? साखर कारखानदार, दूध संघवाले, आजी-माजी मंत्री. चारच वर्षांत, १९८७ साली, कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला, यावरून काय चालले होते ते समजावे. 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठीला याच काळाने दिला.

इंग्लंडमध्येही हाच खेळ चालतो. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या मजूर पक्षाच्या सरकारने खासगी शाळांच्या फीवर २० टक्के कर लावला. चर्चा कशावर रंगली? पंतप्रधान स्टार्मर स्वतः ज्या शाळेत शिकले ती शाळा त्यांच्या विद्यार्थिदशेतच खासगी झाली, यावर! कर योग्य की अयोग्य, त्या पैशातून सरकारी शाळांना किती शिक्षक मिळणार, हा मुद्दा बाजूला आणि साहेबांचा शाळेचा दाखला पुढे. माणसाचा भूतकाळ उकरला की आजच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागत नाही. विरोधकांनाही हे सोयीचे आणि नेत्यालाही.

मग काय पाहायचे?

भूतकाळातली शाळा नाही, वर्तमानातला हितसंबंध पाहायचा.

शाहू महाराजांना शाळा बंद पडल्याने फायदा होणार नव्हता. कामराजांची फी घेणारी शाळा नव्हती. आज मात्र आपल्या विधानसभेत शिक्षणावर कायदा होतो, तेव्हा हात वर करणाऱ्यांत संस्थाचालक किती, त्यांचे भाऊ, मुलगा, सून, जावई किती संस्थांवर आहेत, हे कुणी विचारते का? निवडणुकीच्या शपथपत्रात शिक्षणाचा रकाना असतो. 'बी.ए. प्रथम वर्ष', 'दहावी' असे तिथे लिहिले जाते आणि आपण त्यावर विनोद करतो. पण संस्थेची जमीन आणि इमारत ट्रस्टच्या नावावर, म्हणून ती साहेबांच्या मालमत्तेत दिसत नाही. ट्रस्टवर मात्र सगळे घर बसलेले असते.

जो माणूस दारू विकतो त्याने दारूबंदी समितीवर बसू नये, हे आपल्याला पटते. मग ज्याच्या तालुक्यात सहा इंग्रजी शाळा आहेत, त्याने झेडपीच्या कमी पटाच्या शाळांचे काय करायचे हे का ठरवावे? २०२३ साली सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळांची संख्या सुमारे १५ हजार होती. कुठल्या या शाळा? तांड्यावरच्या, पाड्यावरच्या, गावकुसाबाहेरच्या वस्तीवरच्या. शाळा पाच किलोमीटर दूर गेली की पहिल्यांदा कुणाची शाळा सुटते? मुलीची. दुसरी मुले कुठे जातात? पिवळी बस जिथून येते तिथे. आणि पिवळी बस कुणाची, हे गावाला विचारा.

"बाबासाहेबांनीही खासगी संस्था काढलीच ना?"

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो, कधी प्रामाणिकपणे, कधी खवचटपणे. होय, काढली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद. त्याआधी १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९३२ साली पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था. या सगळ्या कागदोपत्री खासगीच.

म्हणूनच आम्ही 'खासगी' या शब्दाला घाबरत नाही. प्रश्न आहे दार कुणासाठी उघडे आहे याचा. मिलिंद महाविद्यालय मराठवाड्यात निघाले, कारण निजामाच्या राजवटीत पिढ्यान्पिढ्या उपाशी ठेवलेल्या समाजाला पदवीपर्यंत जायला रस्ता नव्हता. जिथे सरकार पोहोचले नव्हते तिथे या संस्था पोहोचल्या. आजची संस्था निघते ती जिथे फी भरणारा ग्राहक आहे तिथे. रयतची ओळख 'कमवा आणि शिका' ही होती. आजच्या संस्थेचे ब्रीद 'भरा आणि शिका' असे आहे. दोन्ही खासगी म्हणून दोघांना एका तागडीत तोलणे म्हणजे पाणपोई आणि बाटलीबंद पाण्याचा कारखाना एकच म्हणण्यासारखे आहे.

तरीही, शाळेचा दाखला अगदीच निरुपयोगी नाही

आम्ही म्हटले की नेता कुठे शिकला यावरून त्याची भूमिका ठरत नाही. पण त्याच्यावर एक जबाबदारी मात्र नक्की येते. जो सरकारी पैशावर शिकला त्याच्यावर ऋण आहे. चळवळीत याला आपण 'पे बॅक टू सोसायटी' म्हणतो.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी हिशेब मांडला होता. सरकार माणशी जेवढे शिक्षणावर खर्च करते, त्यापेक्षा जास्त अबकारी कराच्या रूपाने माणशी वसूल करते, हे त्यांनी दाखवले. प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, हे सांगितले. आणि शिक्षण खाते म्हणजे 'पैसे द्या आणि माल घ्या' असे चालवायचे खाते नव्हे, तळागाळातल्या माणसाला परवडेल असे ते स्वस्त असले पाहिजे, असा आग्रह धरला. हे बोलणारा माणूस एल्फिन्स्टनसारख्या सरकारी हायस्कुलात आणि महाविद्यालयात शिकला होता, आणि कोलंबिया व लंडनमध्येही. त्यांनी 'मी जिद्दीने शिकलो, तुम्हीही शिका' असे म्हटले नाही. मी शिकलो आणि बाकीचे ब्याऐंशी का गळाले, हे विचारले. साहेबांच्या भाषणात आणि बाबासाहेबांच्या भाषणात हाच फरक आहे. एकाला स्वतःची कंदिलाची गोष्ट आठवते, दुसऱ्याला वर्गातून गळालेली मुले दिसतात.

आणखी एक गोष्ट. सरकारी शाळेचे गोडवे गाताना आपण भाबडे होऊ नये. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे, शिपाई नसेल तर पाणी नाही. आपल्या बापजाद्यांनी या शाळांत काय सोसले ते घराघरात ठाऊक आहे. सरकारी शाळा आपल्याला प्रेमळ होती म्हणून आपण तिच्या बाजूने उभे नाही. तिथे आपण हक्काने भांडू शकतो म्हणून उभे आहोत. संविधानाचे कलम २९(२) सांगते की सरकारी किंवा सरकारी मदतीवर चालणाऱ्या शाळेत जातीच्या, धर्माच्या कारणाने प्रवेश नाकारता येणार नाही. मदत न घेणारी खासगी शाळा या कलमाच्या बाहेर राहते. २००५ साली इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित महाविद्यालयांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही असे म्हटले, तेव्हा त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती करून कलम १५(५) आणावे लागले. म्हणजे शाळा सरकारच्या हातातून निसटली की प्रत्येक हक्क नव्याने, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळवावा लागतो. खासगीकरणाला आमचा विरोध आहे तो या अनुभवातून.

मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती करावी का?

१८ ऑगस्ट २०१५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला आदेश दिला होता की सरकारी नोकर, लोकप्रतिनिधी आणि न्यायाधीश यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत, अशी व्यवस्था करा. देशभर टाळ्या पडल्या. अंमलबजावणी झाली नाही.

या आदेशामागचा विचार आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. ज्या शाळेत तहसीलदाराचे मूल बसते त्या शाळेचे छप्पर गळत नाही. वजनदार माणसे शाळा सोडून गेली की तक्रार करणारा आवाजच जातो आणि उरतात ती माणसे ज्यांना गटशिक्षणाधिकारी खुर्चीही देत नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली परिसर शाळा आणि समान शाळा पद्धती सुचवली ती म्हणूनच. एका परिसरातली सगळी मुले एका शाळेत. ती शिफारस धूळ खात पडली, कारण ती मान्य करणाऱ्यांना आपले मूल त्या बाकावर बसवायचे नव्हते.

पण केवळ नोकरांच्या आणि नेत्यांच्या मुलांवर सक्ती, हा आम्हाला उपाय वाटत नाही. बापाच्या पदासाठी मुलाला वेठीला का धरायचे? आणि फोटोपुरते मूल शाळेत घालून संध्याकाळी महागड्या क्लासला पाठवणारे नेते उद्या पैशाला पासरी निघतील. मूल कुठे शिकते यापेक्षा मत कुठे पडते, ते आम्हाला महत्त्वाचे.

आता आपल्याकडे बोट

प्राध्यापक मित्राच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे राहिले. होय, हे लिहिणाऱ्या आमच्यापैकी काहींची मुले फी भरून इंग्रजी शाळेत जातात. वस्तीतला रिक्षावाला, बिगारी, घरकाम करणारी ताई यांनाही तेच हवे आहे. पोटाला चिमटा काढून ते मुलाला 'इंग्लिश मीडियम'ला घालतात. त्यांना मूर्ख ठरवण्याचा अधिकार कुणालाही नाही. इंग्रजी हे आपल्यासाठी मुक्तीचे साधन ठरले आहे आणि जे पिढ्यान्पिढ्या ते वापरत आले, त्यांनी आपल्याला मातृभाषेचे प्रवचन देऊ नये. झेडपीच्या शाळेत उत्तम इंग्रजी शिकवणारा शिक्षक द्या, मग बघा पालक कुठे रांग लावतात.

पण मूल खासगी शाळेत आहे म्हणून तोंड बंद ठेवायचे, हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. ज्याचे मूल सरकारी शाळेत आहे त्याला माइक मिळत नाही आणि ज्याला माइक मिळतो त्याने बोलायचे नाही, असे झाले तर बोलणार कोण? संस्थाचालकच! दुटप्पीपणा मूल कुठे घातले यात नसतो. माझ्या मुलाला मिळाले, आता बाकीच्यांचे काय ते बघून घेतील, या वृत्तीत असतो. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी वेदना व्यक्त केली, ती आपण दरवर्षी पोस्टरवर छापतो. ती नेत्यांसाठी नव्हती, आपल्यासाठी होती. शिष्यवृत्ती, वसतिगृह, फी माफी घेऊन आपण वर आलो आणि वस्तीतल्या शाळेच्या दारात पाऊल टाकले ते फक्त मतदान केंद्र असते म्हणून.

आणि हेही लक्षात घ्या, पंचवीस टक्के हे आपले अंतिम ध्येय नाही. तो कायद्याने दिलेला हक्क आहे, तो एक इंचही सोडायचा नाही. पण सरकारने आपले पैसे खासगी शाळेला द्यावेत आणि आपण सोडतीत नाव निघण्याची वाट पाहावी, ही काही शिक्षणाची व्यवस्था नव्हे. संविधानाच्या मूळ कलम ४५ ने दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण देण्याचे सांगितले होते. कायदा अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडले. या विलंबाची फी कुणी भरली, ते आपल्या घरातल्या अंगठ्यांना विचारा.

करायचे काय?

आमची मागणी आणि आमचे काम, दोन्ही सांगतो.

मागणी अशी की प्रत्येक उमेदवाराने आणि लोकप्रतिनिधीने स्वतःचे आणि कुटुंबीयांचे शिक्षण संस्थांमधील प्रत्येक पद जाहीर करावे. ज्याच्या घरात संस्था आहे त्याने फी, प्रवेश आणि शाळा बंद करण्याच्या निर्णयापासून दूर राहावे. झेडपीपासून विधानसभेपर्यंत मत मागायला येणाऱ्याला "तुम्ही कुठे शिकलात?" हे विचारू नका. विचारा, "तुमच्या किती शाळा आहेत? तुमच्या संस्थेत पंचवीस टक्क्यांच्या किती जागा भरल्या? आपल्या वस्तीची शाळा बंद करायचा कागद आला तर तुम्ही कुठे असाल?" पक्ष निळा असो, भगवा असो की तिरंगा, प्रश्न तेच. आपला माणूस संस्थाचालक झाला म्हणून त्याला सूट नाही.

काम असे की शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. बहुतेक ठिकाणी ही समिती सह्यांपुरती असते. सरपंचाचा माणूस अध्यक्ष होतो आणि पालकांना बैठकीचा पत्ताही नसतो. चळवळीतल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाने एका शाळेच्या समितीतल्या पालकांसोबत उभे राहायला काय हरकत आहे? पटसंख्या का घटली, शिक्षकांची किती पदे रिकामी आहेत, शौचालयाला पाणी आहे का, हे कागदावर मागायचे. गुणगौरवाच्या एका मांडवाच्या खर्चात वर्षभर हे काम होते.

त्या ताईच्या मुलीला त्या वर्षी कुठे प्रवेश मिळाला, असे वाचक विचारतील. सोडतीत तिचे नाव निघाले नाही. ती आज महापालिकेच्या शाळेत जाते. एका शिक्षिकेकडे दोन वर्ग आहेत. ताईला आम्ही समितीवर येण्याची विनंती केली, तेव्हा ती म्हणाली, "मला लिहिता येत नाही, दादा." आम्ही म्हटले, "लिहायला आम्ही आहोत, तुम्ही फक्त विचारा." पहिल्याच बैठकीत तिने विचारले, "दुसरी बाई कधी येणार?"

पुढच्या गुणगौरव सोहळ्यात प्रमुख पाहुणे कंदिलाची गोष्ट सांगतील, तेव्हा ती ताई समोर बसलेली असेल. त्यांनी कुठल्या शाळेत शिक्षण घेतले, ते तिला विचारायचे नाही. तिचा प्रश्न तयार आहे. उत्तराची तयारी साहेबांनी करावी, आणि आपणही.

जय भीम! जय संविधान!